गीतांपुढचं भाषण

करंजगावच्या चर्चमध्ये पवित्र संगीताचा कार्यक्रम असला की आधी एक भाषण होतं, आणि ते संगीताला उद्देशून असतं.

माणसं तेवढा वेळ बाहेर लिंबाखाली थांबतात. आत बाकांवर गीतं बसतात. ऐकायला कोण कोण येणार आहे, हे त्यांना समजावून सांगावं लागतं. पटलं तर ती उठून वाजतात. नाही पटलं तर संध्याकाळच्या एसटीनं परत जातात, मग वाजवणारे कितीही तयारीचे असोत, पेटीतून नुसती हवा निघते.

यंदा पाळी शद्राक वाघचौरेच्या घराची होती. बोलायची हौस खरी त्याच्या बायकोला, रिबकाला. जन्मभर ती गायकमंडळात खालच्या पट्टीत गायली. पण दोन वर्षांमागं तापात तिचे कान गेले. तेव्हापासून ती चर्चमध्ये खांबाजवळच्या बाकावर बसते, लोकांच्या ओठांकडं बघते आणि सगळे उठले की उठते. राहिला शद्राक. चौथीतून शाळा सुटलेला आणि तोंडाचा फटकळ. लग्नातसुद्धा त्याला कुणी चार शब्द बोलू देत नाही.

सकाळी सदऱ्याचं बटण लावून देताना रिबका म्हणाली, "अहो, त्यांना सांगा. एकानं तरी माझ्या शेजारी बसून वाजावं."

शद्राकनं हातानंच नाही म्हटलं. घरच्या माणसाची शिफारस केली की भाषण बाद, हा नियम पोराटोरांना ठाऊक आहे.

"नियम मला ऐकू येत नाही," रिबका म्हणाली आणि चुलीकडं गेली.

दारात पाळकसाहेब उभे होते. आमोस पारखे त्यांचं नाव, माणूस भित्रा. "शद्राकभाऊ, जरा गोड बोला."

"मागच्या साली लेवी दुकानदार गोडच बोलला होता की. आमची मंडळी म्हणजे देवदूत म्हणाला. गीतांनी देवदूत बघायला मान वर केली, तर पुढं आपण. निम्म्यात उठून गेली का नाही?"

पाळकसाहेब बाजूला झाले.

आत पाच गीतं बसली होती. लांब जर्मनीकडच्या एका जुन्या उपासनेची, पण मिरजेला मुक्काम झाल्यामुळं मराठी येत होतं. दयागीत सगळ्यांत वडील, ते खिडकीशी वारा घेत होतं. गौरवगीतानं पुढचं बाक एकट्यानं अडवलं होतं. पवित्रगीत डोळे मिटून होतं. विश्वासगीत लांबलचक, त्याला प्रश्न विचारायची खोड. शांतिगीत पार मागं, दाराजवळ. त्याची पाळी नेहमी शेवटी येते आणि तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात.

"मला भाषण येत नाही," शद्राक म्हणाला. "कोण येणार ते सांगतो. पुढं बसतात ते फोटोत यायला बसतात. मधले खोकतात, पण खोकला खरा आहे, गिरणीचं पीठ छातीत जातं. पेटी वाजवणारा हनोख मास्तर मधेच डोळे पुसेल. ते तुमच्यामुळं नाही, त्याचा पोरगा घर सोडून गेलाय. लेवी खोटं बोलतो. पण कुणाकडं मयत झाली की पहिला चहा त्याच्या घरून येतो."

विश्वासगीतानं विचारलं, "यांतले विश्वास ठेवणारे किती?"

"परीक्षेच्या महिन्यात सगळे. एरवी कुणी मोजलं नाही."

"सगळीकडं तसंच आहे," विश्वासगीत म्हणालं.

"आम्ही त्यांना आवडतो का?" हे गौरवगीत.

"कळत नाही तुम्ही. पण यायचं चुकवत नाहीत. बाया खरकटी भांडी तशीच टाकून येतात. दुसऱ्या दिवशी नळावर तुमची चाल गुणगुणतात. चुकीची."

"चुकीची म्हणजे कशी?"

शद्राकनं आपल्या फाटक्या आवाजात म्हणून दाखवली. मग दयागीत म्हणालं, "ही बरी आहे."

शद्राक खाली उतरणार, तेवढ्यात मागून शांतिगीतानं विचारलं, "त्या खांबाजवळच्या बाकावर कोण बसतं?"

दारातून पाळकसाहेबांनी जोरजोरात मान हलवली.

"सांगता येत नाही," शद्राक म्हणाला. "माझ्या घरचं माणूस आहे."

"मग माणसाचं नका सांगू. बाकाचं सांगा."

शद्राकनं टोपी काढली. "बाकाला ऐकू येत नाही. आधी हे बाक गायचं. भाकरी थापताना गायचं. माझ्यावर चिडलं की जास्तच मोठ्यानं गायचं. आता घरात एकटा मीच ओरडतो. बाकाची काही तक्रार नाही. तक्रार माझी आहे."

बाकाची शिफारस करू नये, असा नियम आहे का, हे पाळकसाहेबांनी आठवून पाहिलं. नव्हता. त्यांनी माणसांना आत घेतलं.

कार्यक्रम चांगला झाला. पुढच्यांचे फोटो निघाले, मधले खोकले, हनोख मास्तरनं डोळे पुसले आणि गीतांना सगळं सांगितल्याप्रमाणं मिळालं. शेवटी शांतिगीत उठलं, तेव्हा लोकांचे पाय चपला चाचपत होते. ते पुढं गेलंच नाही. खांबाजवळ आलं. बाकावरच्यांनी सरकून जागा दिली आणि ते रिबकाच्या शेजारी बसून हळूच वाजलं. पुढच्यांना माना वळवून ऐकावं लागलं, तरी कुणी कुरकुर केली नाही. चपलाही थांबल्या. रिबकानं कुणाच्याच ओठांकडं बघितलं नाही. डोळे मिटले आणि खालच्या पट्टीत, जरा उशिरा, पण बरोबर जागी सूर लावला.

एसटी आली तेव्हा कंडक्टरनं चारच गीतं मोजली. पाळकसाहेब म्हणाले, पाचवं सवडीनं येईल, जागा धरू नका.

घरी निघाल्यावर शद्राक वाटेत थांबला. जन्मात कधी न काढलेला शब्द त्यानं खाकरून बाहेर काढला. "उपकार झाले," तो पुटपुटला.

"कुणाला म्हणता?" टॉर्चच्या उजेडात त्याचे ओठ बघून रिबकानं विचारलं.

रस्त्यात खड्डे होते. त्यानं टॉर्च आपल्या पायांपुढून काढून दोघांच्या मधोमध धरली, कारण मधे चालणाऱ्याला ती वाट नवी होती.