लक्ष्मी घासल्याबद्दल खुलासा

दिवाळे गावच्या हिरामणच्या होडीचं इंजिन दसऱ्याला बसलं ते दिवाळी झाली तरी उठेना, तेव्हा घरातली लक्ष्मी मोडायचं ठरलं. लक्ष्मी म्हणजे १९२१ सालचा अमेरिकन चांदीचा डॉलर. हिरामणचा आजा बोटीवर खलाशी होता, त्याने आणलेला. त्यावरच्या बाईला घरात कोणी परकी समजत नसे. दर लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू होतं.

बेलापूरच्या परदेशी नाणी मूल्यमापन केंद्रात मुख्य मूल्यमापक कमळाकर यांनी डॉलर भिंगातून पाहिला आणि सुस्कारा सोडला.

"हे कोणी घासलं?"

"आयेनं. चिंच नि राख लावून. दर दिवाळीला."

"शंभर वर्षांचा मळ होता हो! सगळी किंमत त्याचीच. आता नुसता चांदीचा भाव मिळेल."

त्या भावात इंजिन सोडा, होडीचा पंखाही येत नव्हता. हिरामणला रडूच फुटायचं बाकी होतं. पण नियमांत माणुसकीलाही एक कलम होतं: घासणाऱ्याने समक्ष येऊन खुलासा केल्यास फेरविचार होईल. मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून त्याची आई पुतळाबाई हजर झाली.

"बाई, स्वच्छतेमागे तुमचा हेतू काय होता?"

"सन व्हता."

"मळ काढण्यापूर्वी तज्ज्ञांचं मत घेतलं होतं?"

"तुजी आये भांडी घासताना कुनाला इचारते रं?"

खुलासा असमाधानकारक ठरला.

घरी येताच पुतळाने डॉलर सुक्या बोंबलांच्या डब्यात फेकला. "ऱ्हा आता घानीत!" शिमग्याला डबा उघडला, तर बोंबलांच्या वाफेने लक्ष्मी निळी-जांभळी, कडेने सोनेरी. हिरामण तिला तशीच, वासासकट, केंद्रात घेऊन गेला.

कमळाकर खुर्चीतून उठलेच. "नैसर्गिक छटा! अतिदुर्मिळ!"

घासून घासून डॉलरवरच्या बाईचं नाक उरलं नव्हतं. अहवालात 'नाक मुळातच बसकं' अशी नोंद झाली. 'या नाण्यास स्वच्छतेचा कधीही स्पर्श झालेला नाही' या वाक्याखाली कमळाकरांनी पुतळाचाच अंगठा घेतला. इंजिन आलं.

आता पार करंजाड्यापासून सुशिक्षितांची चांदी पुतळाच्या डब्यात मुक्कामाला येते. घरात बोंबलाचं नाव न काढणारेही रांगेत असतात. दिवाळीत त्यांचे देव काळेकुट्ट, पण केंद्राच्या प्रमाणपत्राची काच रोज पुसलेली.

हसताय? खरं सांगा, तो मळाचा भाव ऐकून तुम्हाला तुमच्या देव्हाऱ्यातलं चांदीचं नाणं आठवलं की नाही? बसा खाली. हात लावू नका. आणि गेल्या दिवाळीला घासलं असेल, तर खुलासा तयार ठेवा.