कुलथेवकिलांचा राहून गेलेला सत्कार

आमच्या शेजारच्या कुलथेवकिलांच्या घरात सोफ्याला शाल, टीव्हीला शाल, वॉशिंग मशीनला शाल आणि पाहुण्यांच्या गादीखालीही शाल असते. सुमनताईंनी मध्यंतरी स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदे शिवले, तेही शालींचेच. त्यातल्या एकावर 'न्यायभूषण' असं भरतकाम होतं आणि ते नेमकं उलटं लागलं होतं. कुलथेवकिलांनी जेवता जेवता वर पाहिलं आणि घास तसाच ठेवून म्हणाले, "सुमन, यावर माझी तीव्र हरकत आहे. रेकॉर्डवर घे." सुमनताईंनी आमटी वाढली.

शालीबरोबर नारळ येतोच. गाझियाबादेत चांगला नारळ मिळत नाही म्हणून बाकीची मराठी मंडळी हळहळत असतात, पण आमच्या मजल्यावर नारळाच्या वड्यांचा कधी दुष्काळ पडला नाही. वड्यांची बशी घेऊन सुमनताई दारात उभ्या राहिल्या की मी फक्त "आता कोणी?" एवढंच विचारते. त्या संस्थेचं नाव सांगतात आणि आम्ही दोघी मान खाली घालतो.

कुलथे मूळचे साताऱ्याकडचे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि हे इथेच वाढले, इथेच वकील झाले. गाझियाबादच्या कचेरीत पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल आहे. कामात माणूस चोख, हे त्यांचे शत्रूही मान्य करतात. पण चोख काम केल्याचं समाधान घरी नेऊन भिंतीला टांगता येत नाही, अशी त्यांची अडचण. म्हणून विधी क्षेत्रातील उल्लेखनीय कामगिरीबद्दल जो कोणी, जिथे कुठे, जे काही देत असेल ते घ्यायला हे हजर. देणारी संस्था कालपरवाच जन्मलेली असो, तिचं कार्यालय मुनिरकाच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत असो, अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार एकच गृहस्थ असोत, यांना फरक पडत नाही. दारावरची पाटी पदव्या मावेनात म्हणून वाढत वाढत माझ्या भिंतीवर आली. मी तक्रार केली तर म्हणाले, "साळवेबाई, तुमच्या मालकी हक्काला बाधा न आणता, निव्वळ शेजारधर्म म्हणून तेवढी जागा वापरतोय." 'विधिमार्तंड' हा शब्द तेव्हापासून माझ्या बेलच्या वर आहे. कुरियरवाले मला मार्तंडजी म्हणतात.

कळस झाला तो पानिपतला. आमचं मराठी मंडळ दर जानेवारीत बस करून तिथल्या 'काला अंब' स्मारकाला जातं. स्मारकापाशी फुलं वाहायची, दोन मिनिटं उभं राहायचं, डबे खायचे आणि परत यायचं. त्या वर्षी फुलं वाहून झाली, मंडळी गंभीर होऊन उभी होती, आणि अचानक अध्यक्षांनी पिशवीतून शाल काढली. सगळं आधीच ठरलं होतं. जिथे आपले एवढे लोक पडले, तिथे हा माणूस शाल पांघरून, हार घालून, कॅमेऱ्याकडे बघत उभा. बसमध्ये मी त्यांना म्हटलं, "कुलथे, कमाल झाली. पानिपतावर सत्कार घेऊन परतलेला पहिला मराठा तुम्हीच." माणूस एवढा खूश झाला की पुढच्या मानपत्रात हे वाक्य घालाल का म्हणून विचारू लागला.

मानपत्रं मीच लिहायची, हे सांगायला हवं. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आयुष्यभर अनुवाद केले. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, चर्चमध्ये गाणी म्हणेन, नगरला बहिणीकडे जाऊन राहीन. पण कुलथ्यांना शोध लागला की शेजारच्या बाईंचं मराठी शुद्ध आहे आणि हिंदीही तयार आहे. मग कागद घेऊन यायचे. समोर बसायचे. "लिहा. गोरगरिबांचे कैवारी."

"कोणत्या गोरगरिबांचे?"

"तपशिलात जाऊ नका, बिल्कुल नको. तपशील विरोधी पक्षाच्या हाती लागतो."

देणाऱ्या संस्थेने द्यायचं मानपत्र घेणाऱ्याने शेजारणीकडून लिहून घ्यायचं आणि व्यासपीठावर ऐकताना डोळे टिपायचे. बरं, डोळे खरोखर टिपायचे. मी पहिल्या रांगेत बसून माझीच वाक्यं ऐकायची आणि हे वर हुंदका देणार. एकदा 'करुणेचा सागर' वर त्यांना इतकं भरून आलं की निवेदकाने पाणी मागवलं.

पण एवढं सगळं भिंतीवर असून एक जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. सोफ्यासमोरची, बरोब्बर मधली. तिथे काही लावू द्यायचे नाहीत. ती कचेरीतल्या वकीलमंडळींच्या स्वतःच्या सन्मानासाठी होती. बाहेरच्यांनी दिलेलं सगळं एकीकडे आणि शेडखाली रोज आपल्याला पाहणाऱ्यांनी दिलेलं एकीकडे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणूस मूर्ख नव्हता हो. नुसता हावरट होता.

या सन्मानाची एक जुनी रीत आहे. ज्या वकिलाचा सन्मान करायचा, त्याच्याविषयी त्याचे मित्र बोलत नाहीत. त्याच्या विरोधात जन्मभर उभा राहिलेला वकील बोलतो. मित्र काय, कौतुक करणारच. समोरच्या बाजूने केलं तर ते खरं. आणि समोरच्याने नाही म्हटलं, तर त्या वर्षी त्या माणसाचं नाव बाद. तिथे अपील नाही.

कुलथ्यांच्या समोर जन्मभर उभे राहिले ते त्यागीजी. उंच, रुंद, मिशीवाले, बोलायला लागले की शेडचा पत्रा थरथरायचा. जमिनीचे बहुतेक दावे या दोघांतच असायचे. कुलथे अर्ज घेऊन उठले, की तो वाचण्याआधीच पलीकडून आवाज यायचा, "हमारा विरोध है, हुज़ूर!" एकदा कुलथ्यांनी कोर्टात पंखा लावायची विनंती केली, तिलाही त्यागीजींचा विरोध. दुपारी मात्र दोघे एकाच बाकावर डबा खायचे. त्यागीजी कुलथ्यांच्या थालिपिठाला मराठी पराठा म्हणायचे आणि अर्ध्याहून जास्त खायचे. थालीपीठ खाऊन झालं की पुन्हा भांडण.

दर वर्षी सन्मानाच्या समितीत कुलथ्यांचं नाव निघायचं आणि त्यागीजी म्हणायचे, "नहीं। अभी कच्चे हैं।" कुलथे घरी येऊन आकांडतांडव करायचे. भिंती पातळ, मला सगळं ऐकू यायचं. "कच्चे! मी कच्चा! अरे, माझे अशील म्हातारे होऊन गेले! सुमन, हा माणूस मेला तरी स्मशानातून उठून विरोध करील!"

आणि मग त्यागीजींना पक्षाघात झाला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तो एवढा आवाज, एका सकाळी बंद झाला.

पुढच्या सन्मानाची वेळ आली तेव्हा समितीत कुलथ्यांचं नाव पुन्हा निघालं. त्यागीजींकडे निरोप गेला. ते काही बोलले नाहीत, कारण ते बोलूच शकत नव्हते. समितीने ठरवलं, विरोध आला नाही, म्हणजे संमती आहे. नाव मंजूर झालं. भाषणाचंही ठरलं. त्यागीजींच्या वतीने कोणीतरी वाचून दाखवील, त्यांना खुर्चीतून आणून समोर बसवायचं. ते भाषण कोणाकडून लिहून घ्यायचं हेही कुलथ्यांच्या एका सहकाऱ्याने ठरवून टाकलं, कारण मानपत्रवाल्या मॅडम आता सगळ्या कचेरीला माहीत होत्या.

मला या वेळी मनापासून राग आला. एका मुक्या झालेल्या माणसाच्या तोंडात मी कुलथ्यांची स्तुती कोंबायची! तरी लिहिलं. सुमनताईंकडे बघून लिहिलं. 'मेरे परम मित्र और विधि के प्रकांड पंडित' अशी सुरुवात केली आणि स्वतःचीच शिसारी आली.

कुलथे कागद घ्यायला आले. उभ्याउभ्याच वाचला. मला वाटलं, आता 'प्रकांड'च्या जागी आणखी मोठा शब्द मागतील. पण ते खाली बसले, चष्मा काढला.

"हे त्यागी बोलणार नाही," ते म्हणाले.

"तो काहीच बोलणार नाहीये, कुलथे. म्हणून तर मला लिहायला लावलंत."

"परम मित्र वगैरे तो कधी म्हणाला नसता." कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. "रविवारी माझ्याबरोबर चला त्याच्याकडे. साक्षीदार लागेल."

झालं! माझी खात्रीच पटली. आजारी माणसाची मान हलवून घ्यायची, साक्षीला सरकारी नोकरीतली निवृत्त बाई ठेवायची, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. मी गेले ती याला तिथेच चार शब्द सुनावायचे असं ठरवून.

त्यागीजींच्या सुनेने दार उघडलं. "आइए वकील साहब, आज देर कर दी। पापाजी सुबह से दरवाज़ा देख रहे हैं।"

मी कुलथ्यांकडे पाहिलं. ते चपला काढण्यात गुंतले होते. सून मला आत नेताना हळूच म्हणाली, "हर इतवार आते हैं, आंटी। बोलने की कसरत कराने मैडम आती हैं, उनके सामने तो पापाजी मुँह ही नहीं खोलते। बस इन पर ग़ुस्सा करते हैं।"

त्यागीजी खिडकीशी खुर्चीत होते. मिशी कोणीतरी नीट कातरली होती, त्यामुळे चेहरा दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. कुलथे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. घरातल्या साध्या कपड्यांवर त्यांनी येताना काळा कोट का चढवला होता ते आता कळलं. त्यांनी कोटाची बटणं लावली, घसा साफ केला आणि कपाटाकडे बघून झुकले.

"हुज़ूर, प्रार्थी दिगंबर कुलथे का नाम सन्मान के लिए प्रस्तावित है। प्रार्थी सर्वथा योग्य है। ऐसा विद्वान वकील इस ज़िले में न हुआ, न होगा।"

त्यागीजींचे डोळे बारीक झाले.

"प्रार्थी करुणा का सागर है। प्रार्थी ने आज तक कोई मुक़दमा नहीं हारा।"

डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. चेहरा लाल व्हायला लागला. मी घाबरून पुढे झाले, तर सुनेने मला थांबवलं. ही बहुधा रोजची, म्हणजे दर रविवारची गोष्ट होती.

"और मेरे विद्वान मित्र श्री त्यागी," कुलथे आवाज चढवून म्हणाले, "जो मेरे सामने हमेशा हारते आए हैं, उन्हें भी इस प्रस्ताव पर कोई आपत्ति नहीं है।"

आणि ते थांबले. ज्या माणसाला मी समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देताना पाहिलं नव्हतं, तो हात मागे बांधून गप्प उभा राहिला. त्यागीजींचे ओठ वाकडे होत होते. घशातून घरघर आली. "न," असं काहीतरी आलं आणि विरलं. पुन्हा "न." कपाळावर घाम आला. कुलथे हलले नाहीत. मदत केली नाही, शब्द सुचवला नाही, नुसते बघत राहिले.

"न... हीं।"

शब्द वाकडा होता, ओला होता, पण शब्द होता. सून हातातला पेला घेऊन तशीच उभी राहिली. त्यागीजी स्वतःच दचकल्यासारखे झाले आणि मग जोरात, खिडकीबाहेर जाईल असं म्हणाले, "नहीं!"

कुलथ्यांनी खिशातून फोन काढला. समितीच्या अध्यक्षांना लावला.

"अध्यक्षजी, कुलथे बोल रहा हूँ। विरोध आ गया है। जी, ख़ुद बोले हैं, मेरे पास गवाह है। मेरा नाम काट दीजिए।" पलीकडून काहीतरी समजावणं चाललं होतं. "नहीं साहब, आपने उनकी ग़ैरहाज़िरी में एकतरफ़ा फ़ैसला कर दिया था। मैं एकतरफ़ा फ़ैसला नहीं लेता।" फोन ठेवून ते त्यागीजींकडे वळले आणि कमरेत वाकून म्हणाले, "ख़ारिज। इस साल भी ख़ारिज।" त्यागीजींच्या चेहऱ्याचा अर्धा भाग हसला. दुसऱ्या भागाला जमलं नाही.

परतताना रिक्षात कुलथे बाहेर तोंड करून बसले होते. रडत होते, आणि या खेपेस ना मानपत्र होतं ना निवेदक. मला सुनावायचे होते ते चार शब्द राहूनच गेले. फार बरं वाटत होतं आणि फार वाईटही वाटत होतं. शेवटी न राहवून म्हटलं, "कुलथे, इतकी वर्षं वाट पाहिलीत. वाईट नाही वाटत?"

"कसं नाही वाटणार? वाटतं ना!" त्यांनी नाक पुसलं. "पण शेडखाली आता मी उठतो, बोलतो, आणि बसतो. समोरून कोणी काही म्हणतच नाही हो. नवी पोरं 'नो ऑब्जेक्शन, सर' म्हणतात. आदर करतात माझा." हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा आजाराचं नाव सांगावं.

रिक्षा सिग्नलला थांबली. ते एकदम माझ्याकडे वळले. डोळे लाल होते, पण चेहरा उजळला होता.

"आज नुसतं नाही म्हणाला. पुढच्या वर्षी बघा, साळवेबाई, कारणं देऊन नाही म्हणेल."