निळोपंत वकिलांनी गाणे गाऊन मीठ सोडविले ती हकीकत

श्रीशारदा प्रसन्न असो, आणि ज्याचा सूर लागत नाही त्यासही प्रसन्न असो. शके सतराशे बावन्न, विकृतीनाम संवत्सर, फाल्गुन मास. ते समयी आमचे राज्यात अनर्थ गुदरला तो ऐसा की, टोपीकरांनी खाडीच्या मुखावर चौकी बसविली आणि आडवी साखळी घातली आणि आमच्या मिठाच्या होड्या अडविल्या. मग घरोघर आळणी आमटी होऊ लागली, आणि पुरुष बायकांवर आणि बायका दैवावर डाफरू लागल्या, आणि खासे महाराजांच्या ताटातले मीठ संपले, तेव्हा प्रकरण गंभीर आहे ऐसे दरबारच्या ध्यानी आले. दुभाषा होता तो दोहींकडून खाऊन गबर जाहला होता, सबब त्यास काढिले, आणि महाराजांनी निळोपंत वकिलांस आज्ञा केली की, "पंत, इंग्रजी शिका आणि साहेबांशी तुम्हीच बोला. मीठ आणा, नाहीतर पगडी येथे ठेवा."

पंत साठीचे. शास्त्रीबोवांनी इंग्रजी शब्दांची पोथी दिली, ती सकाळी पाठ करीत आणि जेवून उठेतो विसरत, आणि पगडीकडे पाहून डोळे पुसत. मग दरबारची गाणारीण सगुणाबाई, जिने बंदरावरच्या गोऱ्या खलाशांकडून त्यांचे एक गाणे उचलिले होते, ती म्हणाली, "अहो पंत, रडता काय? गा की!" त्या गाण्यात खलाशाची बायको किनारी उभी राहून विनविते की, साखळी उघडा, माझ्या घरधन्याची बोट येऊ द्या. म्हणजे बोट होती, चेन होती, ओपन होते, आणि तिच्या आसवांत साल्टही होते. बाईंनी एकेका शब्दाचा अर्थ सांगून गाणे घोटविले, आणि पंत स्नानास बसले तरी गाऊ लागले, आणि शेजारी घर बदलण्याचे बोलू लागले. एकच खोट राहिली. कोणताही शब्द हवा तर पंतांस पहिल्या ओळीपासून गात यावे लागे. बाई म्हणाली, "नेमका तेवढा शब्द उचला हो!" पंत म्हणाले, "बाई, तो एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो."

ऐसे पंत चौकीवरच्या साहेबांपुढे उभे राहिले. आम्ही, हे लिहिणार कारकून, मागे नजराण्याचे तबक घेऊन होतो. साहेबांनी भुवई उडविली. पंतांस शब्द आठवेना. मग मांडीवर ताल धरून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. साहेबांनी मेजावर मूठ आपटली, तो पंत थांबले, आणि धागा तुटला म्हणोन पुन्हा पहिल्यापासून निघाले. पुन्हा मूठ, पुन्हा पहिली ओळ. पगडी गेली ऐसे आम्ही मनी धरिले. इतक्यात दारावरचे गोरे शिपाई, ज्यांनी घर सोडून वर्षे लोटली होती, तेही गाऊ लागले, आणि त्यांच्या आधारे पंत एकदाचे पोहोचले आणि खाडीकडे हात करून ओरडले, "बोट! साल्ट! ओपन!"

मग पंतांनी खुणेने पुसले की, त्या बाईची बोट पुढे आली काय? शेवटचे कडवे सगुणाबाईस ठाऊक नव्हते, आणि पंतांस खरोखरच काळजी लागली होती. साहेबांनी मान हलविली, नाही. शिपायांनी खाली पाहिले. मग साहेब आमच्या भाषेत मोडके बोलिले, "तुमचा होडी येईल. जा." आणि साखळी काढविली. आमचे डोळे भरून आले, हे लिहिण्यास लाज नाही.

तात्पर्य, मीठ आले, पगडी राहिली, सगुणाबाईस पालखीचा मान मिळाला. पंत तेव्हापासून घरी जेवतानाही मीठ इंग्रजीत मागू लागले, आणि पहिल्या ओळीपासून ते साल्टपर्यंत येईतो भाजी निवून जात असे. परंतु त्यांच्या कुटुंबाने मीठ कधीही अगोदर वाढिले नाही, ती गाणे पुरे ऐकून मगच वाढी.