गाजररावांची कात

देवस्थळी काकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि समोरच्या टेबलावर सापाची कात पसरली. नाकापासून शेपटीपर्यंत अखंड. लोक नायगाऱ्याचे फोटो दाखवतात त्या उत्साहाने ते म्हणाले, "डोळ्यांवरच्या चकत्या बघ. दोन्ही निघाल्यात. एक जरी आत राहिली तरी पंचाईत होते."

मी "छान आहे" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नागपूरला आमच्याकडे साप निघाला की अख्खी गल्ली काठ्या घेऊन गोळा व्हायची. इथे तो खिडकीशी काचेच्या पेटीत, दिव्याखाली वेटोळं करून बसला होता आणि त्याला नावही होतं.

नाव गाजरराव. काकांची मुलगी नेहा शाळेत असताना तिने हा केशरी, बिनविषारी कॉर्न स्नेक आणला आणि त्याचं नाव ठेवलं कॅरट. काकूंनी त्याचं मराठी केलं. काकांनी त्याला आदरार्थी बहुवचन लावलं. "गाजरराव काल जेवले." "गाजररावांचा आज मूड नाही." नवख्या माणसाला वाटायचं, आतल्या खोलीत कोणी वृद्ध सासरे आहेत.

आम्ही नेपरव्हिलला राहायला आलो ते २००४ साली. माझा नवरा समीर सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचा. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. त्यामुळे दिवसभर आमच्या रस्त्यावर दोनच माणसं असायची, मी आणि शेजारचे काका. काका मूळ मिरजेचे. सगळी नोकरी पुलांची डिझाइन्स करण्यात गेलेली, नुकतेच रिटायर झालेले. काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या. नेहा सिअ‍ॅटलला नोकरी करत होती. तिच्या अपार्टमेंटमध्ये प्राणी चालत नसत, म्हणून गाजरराव इथे.

काकांनी साप सांभाळला तोही पुलासारखा. रोज इन्स्पेक्शन. पेटीत दोन थर्मामीटर, एक उन्हाच्या बाजूला, एक सावलीच्या. "पुलाला तडा दिसला की आपण रडत बसत नाही," ते म्हणायचे. "आधी बघायचं, मग घाबरायचं." हे वाक्य ते कशालाही लावत. माझा भात करपला, समीरचं ग्रीन कार्ड अडकलं, काकांचा सल्ला तोच. आधी बघ, मग घाबर.

स्वतः पक्के शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा चौकशी करून नाकारणारे. पण गराजमधल्या फ्रिजमध्ये गोठवलेले उंदीर असत. ते कोमट पाण्यात ठेवायचे, चिमट्याने उचलून गाजररावांपुढे धरायचे, सगळं भांडी घासायचे पिवळे हातमोजे चढवून. "मी फक्त वाढपी आहे," असं सांगायचे. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन यायच्या जेवणाला, ते एकदा मोठ्या हौसेने घरी केलेलं आंब्याचं आईस्क्रीम घेऊन आले. त्याला कोणी हात लावला नाही. ते कुठल्या फ्रिजमध्ये जमवलं, हे विचारायचा धीरही कोणाला झाला नाही. शेवटी मी एक वाटी खाल्ली. उत्तम होतं.

एके दिवशी मी गेले तर गाजररावांचा केशरी रंग पार मळून गेलेला, आणि डोळे मोतीबिंदू झाल्यासारखे निळसर पांढरे. मी घाबरून काकांना हाक मारली. त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"पोटाकडे बघ. गुलाबी झाक आहे ना? आणि डोळ्यांत दूध उतरल्यासारखं. आता जेवायचे नाहीत, लपून बसतील, हात लावलास तर चिडतील. नीट दिसत नाही बिचाऱ्यांना. थोड्या दिवसांनी डोळे परत स्वच्छ होतील, मग कात टाकतील. हा आजार नाही."

"मग आजार कसा ओळखायचा?"

"तोंड उघडं टाकून श्वास घेतात. नाकाशी बुडबुडे येतात. मान सारखी वर धरून बसतात. कान लावलास तर श्वासाची शिट्टी ऐकू येते. असं काही दिसतंय?"

मी कान लावला. काहीच ऐकू आलं नाही.

"मग घरी जा आणि पोळ्या कर," काका म्हणाले.

बाकीच्या विषयांवर मात्र काकांना बोलता येत नसे. रविवारी नेहाचा फोन यायचा तेव्हा मी कधीकधी तिथे असायचे. हवा कशी आहे, गाडीचं ऑइल बदललंस का, एवढं झालं की दोन्हीकडे शांतता. "मंदा होती तोवर बरं होतं," ते मला एकदा म्हणाले. "फोन उचलायचा आणि म्हणायचं, आईला देतो. मग त्या दोघी तासभर बोलायच्या आणि मी पेपर वाचत ऐकायचो. आता फोन द्यायचा कोणाला?"

त्या हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं आणि आमच्याकडची वीज गेली. पेटीचा दिवा गेला. मी खिडकीतून पाहिलं तर काका ड्राइव्हवेमध्ये गाडी चालू करून आत बसलेले. हीटर लावलेला, सीटबेल्ट बांधलेला, आणि स्वेटरच्या आत काहीतरी हळूहळू सरकतंय. गॅस काडीने पेटवून मी खिचडी केली आणि बशी घेऊन गाडीत शेजारी जाऊन बसले. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघे तिथेच होतो.

वीज आली, पण पुढच्या आठवड्यात गाजरराव मान वर करून बसू लागले. मग नाकाशी बुडबुडे दिसले. काकांनी कान लावला. मग मला लावायला सांगितला. बारीक शिट्टी वाजत होती. आधी बघ, मग घाबर, असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत.

पशुवैद्याने इंजेक्शनं लिहून दिली, घरीच द्यायची. मी आयुष्यात पहिल्यांदा साप हातात धरला. तो कोरडा आणि मऊ होता आणि त्याला अजिबात ताकद नव्हती. काकांना सुई टोचायला दोनदा थांबावं लागलं.

त्याच वेळी नेहाचा फोन आला. काकांनी सुई बाजूला ठेवली, घसा साफ केला.

"गाजरराव? एकदम उत्तम. आत्ताच जेवले. हो, हो. तुझं काम कसं चाललंय? बरं. ठेवू का?"

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तिला का नाही सांगितलं?"

"ती एवढ्या लांबून काय करणार? रडेल नुसती. आई आजारी होती तेव्हा रोज रडायची फोनवर." त्यांनी पुन्हा सुई उचलली. "धर नीट."

बर्फ वितळेपर्यंत गाजरराव सावरले. आजारानंतरचा पहिला उंदीर त्यांनी गिळला त्या दिवशी काकांनी मला शिऱ्याचा डबा आणून दिला. नेहाला यातलं काहीच कळलं नाही.

उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. काकांना कैरीचं लोणचं द्यायला गेले तर दार उघडंच होतं. आतून नेहाचा आवाज येत होता, फोन स्पीकरवर होता. मी स्वयंपाकघराशी थांबले. गाजररावांचा रंग मळलेला, डोळे दुधाळ. काका पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"नेहा, यांचे डोळे पांढरे पडलेत गं," ते काळजीच्या सुरात सांगत होते. "जेवतही नाहीत. मला तर आजारी वाटतात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनीही मला पाहिलं आणि नजर वळवली.

"बाबा, रिलॅक्स," नेहा म्हणाली. "इट्स जस्ट शेडिंग. मागच्या वेळी पण तुला असंच वाटलं होतं. पोट चेक केलंस? पिंक आहे का?"

"थांब हं, बघतो." ते जागचे हललेसुद्धा नाहीत. थोडा वेळ जाऊ दिला. "हो गं, गुलाबीच दिसतंय. म्हणजे काय असतं ते?"

नेहाने सांगायला सुरुवात केली. नवी कातडी आत कशी तयार होते, डोळ्यांवर तो पडदा का येतो, लहानपणी पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती शाळेत न जाता पेटीपाशी कशी बसून राहिली होती आणि आईने तिला तिथेच कसं जेवू घातलं होतं. काका मधूनमधून "असं होय" म्हणत होते. मी लोणच्याची बरणी आवाज न करता ओट्यावर ठेवली.

"ओके, बाबा? आलं लक्षात?"

"थोडं थोडं आलं," काका म्हणाले. "पण खरा आजार असला तर तो कसा ओळखायचा, ते काही मला नीट कळलेलं नाही."

 तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बरं, थांब. मी बसते जरा," नेहा म्हणाली. "आता नीट ऐक हं."

काकांनी फोनचा आवाज वाढवला आणि डोळे मिटून मागे टेकले.