डबी तापता कामा नये

पाहुणे आले की आधी पाणी मागतात. माझे साडू गंगाधरराव आधी आमच्या फ्रिजला हात लावतात. तोही तळहात नाही, हाताची मागची बाजू. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी. मग टीव्हीखालची पेटी, मग चार्जिंगला लावलेला माझा मोबाइल. "साडूभाऊ, हे तापून राहिलंय," असं खिन्नपणे सांगून ते पिन उपटतात आणि मगच बूड टेकतात. माझी तब्येत त्यांनी आजवर विचारलेली नाही. हिंगोलीच्या शाळेत पंचवीस वर्षं कारकुनी केलेला माणूस कशानेच तापत नाही, हे त्यांनी पहिल्या भेटीतच ओळखलं असावं.

गंगाधरराव कुरुंद्याचे. थोडी हळद पिकवतात, पण धंदा केबलचा. एके काळी त्यांच्या माडीवरून गावातल्या चारशे घरांत चित्र जायचं. दुपारी कोणता सिनेमा लावायचा हे ते ठरवायचे, आणि बाया त्यांना बाजारात अडवून "आज रडायचा लावा, काल मारामारीनं डोकं उठलं" असं बजावायच्या. मग घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, मग मोबाइल आले. एकेकानं वायर तोडली. काहींनी तोडलीही नाही, तिच्यावर धुणं वाळत घातलं. "चला, कामाला आली," असं म्हणून गंगाधरराव पुढे जायचे.

माझी थोरली मेहुणी नातवंडं सांभाळायला पुण्याला गेली, त्याला तीन वर्षं होतील. यांना मुलानं दोनदा तिकीट पाठवलं. "तुम्ही का नाही गेलात?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "अकराव्या मजल्यावर बसून मी कुणाला काय पाठवू?" मी चिवडा घेतला.

त्या रिकाम्या घरात त्यांनी मोबाइलवर बघून बघून एक ड्रोन बांधला. फवारणीचा मोठा नव्हे. हा आपला तळहाताएवढा. डोळ्यांना भलामोठा चष्मा लावायचा, की आपणच त्या पाखरात बसल्यासारखं समोरचं दिसतं. ते चित्र चष्म्यापर्यंत पाठवायला ड्रोनवर आगपेटीहून लहान अशी एक डबी असते. आणि ती तापते. तापली की चित्र फाटतं, आणखी तापली की जातं, आणि चित्र गेलं की ड्रोन कुणाच्या तरी तुरीत. गंगाधररावांचा संसार आता या डबीभोवती चालतो.

तिचे सोवळ्याचे नियम आहेत. सगळी तयारी झाल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. जमिनीवर असेस्तोवर तिला कमी जोरावर ठेवायचं, वर गेल्यावर जोर वाढवायचा. हवेत एका जागी थांबायचं नाही. "उडून राहिली की वारा लागतो, गार राहती. बसून राहिली की तापती. अन् अँटेना लावल्याबिगर तर चालूच करायची न्हाई. पाठवायला वाट न्हाई मिळाली, की सगळं आपल्याच आंगात जिरवती अन् जळती." हे ते मला दर भेटीत सांगतात आणि मी दर भेटीत नव्यानं मान हलवतो.

मार्चात मी मदत केली. म्हणजे ते आत चष्मा पुसत असताना मी हौसेनं बॅटरी जोडून ठेवली, ड्रोन उन्हात बाजेवर ठेवला आणि शेजाऱ्याशी लोणच्याच्या फोडींबद्दल बोलत बसलो. थोड्या वेळानं वास आला. कुरुंद्यात त्या दिवसांत घरोघर हळद शिजत असते. मी जाणकारासारखा म्हणालो, "कुणाची तरी हळद करपली वाटतं."

गंगाधरराव धावत आले. डबीला हाताची मागची बाजू लावली. "गेली," एवढंच म्हणाले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी खिशातून फोन काढला. "चाची, आज चॅनल बंद राहील. व्हय, तकलीफ झाली जरा. दोन-चार रोज."

"चाची कोण?"

"सकिनाचाची. गाद्या भरायचे ते पिंजारी होते न्हाई का, त्यांची घरवाली. माझं कनेक्शन हाय तिथं."

"अजून कनेक्शन आहे?"

"एक हाय. एक असलं तरी ऑपरेटरच म्हणत्यात."

तेव्हा मला कळलं, की चष्म्यातून एक वायर काढून त्यांनी ती केबलच्या जुन्या पेटीत घातली होती. रोज पाच वाजता ते गावावरून चक्कर मारत आणि ते चित्र चाचीच्या टीव्हीवर जाई. चाचीचा खुबा मोडल्यापासून तिचं बाहेर पडणं बंद झालं होतं. "तिला दर्गा दाखवतो, बाजार दाखवतो. ते चित्र फाटू न्हाई म्हणून हे सगळं. मला काय, मी गाव पायी बी पाहू शकतो."

पुढच्या महिन्यात गेलो तर नवी डबी आली होती. केबलचा सिग्नल वाढवणाऱ्या एका मेलेल्या बूस्टरचं ॲल्युमिनियम करवतीनं कापून, ती गार राहावी म्हणून त्याच्या पात्या तिच्या पाठीवर चिकटवल्या होत्या. मला बघताच त्यांनी ड्रोन कपाटावर ठेवला.

"तुमी चाचीकडं जाऊन बसा," ते म्हणाले. "चित्र कसं येतं ते फोनवर सांगा. ती चांगलंच म्हणती. तिचं मन मोठं हाय. खरं काय ते तुमी सांगा."

चाची बाजेवर बसली होती, ओढणी नीट करून, तोंड टीव्हीकडे. टीव्ही चालू होता. तांबडा दिवा होता, आतून घुमल्यासारखा आवाज येत होता, आणि पडदा काळाकुट्ट.

"बैठो भाई. आया क्या उसका पिक्चर?"

"चाची, यात तर काहीच नाही."

"नई है? कबसे?"

हे ती मलाच विचारत होती. तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"मेरेकू दो बरस से खाली उजाला-अंधेरा समझता," ती म्हणाली. "डागतर बोले, अब कुछ नई होता. वो रोज पूछता, साफ आया क्या. मैं बोलती, साफ. इत्ते बडे गाव में मैं एकच देखनेवाली बची. मैं भी नई बोली, तो वो किसके वास्ते उडाएगा? तू मत बोलना."

तेवढ्यात माझा फोन वाजला. गंगाधररावांचे दोन्ही हात रिमोटवर असणार, फोन कानाला वायरीनं लावलेला.

"साडूभाऊ, कसं हाय चित्र?"

चाचीनं माझं मनगट धरलं.

"साफ आहे," मी म्हणालो. "एकदम."

"काय दिसून राहिलं?"

इतक्या वर्षांच्या कारकुनीत मी खोट्या नोंदी केल्या नाहीत असं नाही, पण त्याला विचार करायला वेळ मिळायचा. "शिवार," मी म्हणालो. "हळदीचं."

"साडूभाऊ, मी चाचीच्या अंगणावर हाय."

मी बाहेर आलो. मोहोळ उठल्यासारखा आवाज करत ड्रोन अंगणाच्या उजव्या अंगाला, डोक्याहून जरा वर थांबला होता आणि त्याचा कॅमेरा थेट माझ्या तोंडाकडे. त्या चष्म्यात माझं तोंड कसं दिसलं असेल कोण जाणे.

"टीव्ही बंद पडलाय," मी म्हणालो. "थांबू नका तिथं, डबी तापेल."

ड्रोन हलला नाही.

आवाज ऐकून चाची भिंतीला धरत धरत उंबऱ्यापर्यंत आली. "वोच है ना?" असं म्हणून तिनं चेहरा वर केला, हसली आणि हात हलवला. डावीकडच्या लिंबाच्या झाडाकडे बघून.

"हात कुणाला करून राहिली चाची?"

"तुम्हाला."

"मग जरा खांद्याला धरून वळवा तिला," गंगाधरराव हळूच म्हणाले. "मी उजव्या अंगाला हाय."