शांतीबाईंचा राग आणि मखमली ब्लँकेट

"शांतीना राग मी एका मिनिटमा उतारस, देख तू!" छगनभाऊंनी शहाद्याच्या बाजारात दोस्त मगनला ठणकावून सांगितलं आणि मखमली ब्लँकेट विकत घेतलं.

राग कशाचा? मंडळी, छगनभाऊंनी भर पंगतीत विहीणबाईंच्या शेवभाजीची तारीफ केली होती! तेव्हापासून शांतीबाईंचं तोंड तापीकाठच्या देवळाच्या दुपारच्या दारासारखं बंद, ते उघडेचना.

पौषातली कोरडी थंडी. भाऊ टेरिकॉटच्या शर्टावर ब्लँकेट पांघरून मोटरसायकलवर फडफडत घरी आले. केस साळिंदरासारखे उभे! रबरी चपला घासत थेट स्वयंपाकघरात शिरले, ब्लँकेट प्रेमाने बायकोच्या खांद्यावर घालायला वाकले, आणि... चट्!

"ओ माय वं!" शांतीबाई कान धरून उडाल्या.

त्या नवऱ्याशी बोलत नव्हत्याच. नातीला म्हणाल्या, "मयूरी, तुन्हा आजाले सांग, दूर ऱ्हाय! पोटमा राग शे त्याना, म्हनीसन चटका मारस!"

"मन्हा राग?" भाऊ बोट चोखत म्हणाले. "तिनाच राग शे! आंगमातून ठिणग्या निघी ऱ्हायन्यात!"

समेट म्हणून भाऊंनी पाण्याचा पेला पुढे केला. चट्! पेला शांतीबाईंच्या पायावर. आता तर त्यांचे डोळेच भरून आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माणूस एवढं मनात धरून बसला होता?

मयूरी लोणखेड्याच्या कॉलेजात सायन्सला. ती हसून लोळायची बाकी राहिली. "राग नही वं आजी! ब्लँकेट टेरिकॉटवर घासायनं, आजाना आंगमा वीज जमनी. रबरी चपलामुळे ती जमीनमा जाईना. आजा, कोणलेबी हात लावाना आधी लोखंडले हात लाव, बस!"

सकाळी शांतीबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. भाऊ ब्लँकेट गुंडाळून दारात घुटमळत उभे.

"बठा ना जवळ," शांतीबाई म्हणाल्या. मयूरीला नाही. त्यांना!

भाऊंचा जीव भांड्यात पडला. आता पुन्हा चटका बसला तर संपलंच सगळं! बायकोच्या खांद्यावर हात ठेवण्याआधी त्यांनी घाईघाईने लोखंड शोधलं. समोरच होतं. तवा. चुलीवरचा.

शांतीबाईंनी त्यांचा हात धरला आणि परातीशेजारच्या पाण्याच्या भांड्यात बुडवला. बोटांची आग थांबली तरी सोडला नाही. ठिणगी काही पडली नाही.

भाकरी करपली.