बैठकीच्या खोलीतल्या शाळेचा निकाल

वजनमापे निरीक्षकांनी मुलीची सरकारी शाळा तपासायचे ठरवले, तेव्हा बारकी तिसरीत होती आणि मजेत होती. ही मजाच त्यांना खटकली.

रजा टाकून ते वर्गात जाऊन बसले. बाई फरशीवर मांडी घालून मुलांसोबत बटणांचे वाटे करत होत्या आणि सगळा वर्ग हसत होता. निरीक्षकांनी वहीत नोंदवले : ‘हसू मुबलक. शिक्षण आढळले नाही.’

“अहो, तिला भागाकार येतो,” बाई म्हणाल्या.

“येतो. पण घाम न गाळता येतो. असला टिकत नाही.”

सोमवारपासून घरी, बैठकीच्या खोलीत, पूरक शाळा सुरू झाली. निरीक्षक मुख्याध्यापक, आई गणित विभागप्रमुख. आजोबांना घंटेवर नेमले. त्यांचा डोळा लागला की तास लांबायचा. बारकीला पाणी हवे तर अर्ज, अर्जाला कागद हवा तर मागणीपत्र.

“आई, भूक लागली.”

“आत्ता मी विभागप्रमुख आहे. आई साडेसातला भेटेल.”

महिन्याभरात बारकीला येत असलेला भागाकारही येईनासा झाला. घरच्या परीक्षेत तिला शंभरपैकी अकरा मिळाले. त्यातले चार टापटिपीचे.

निरीक्षक नियमाला पक्के. पटावरची एकुलती एक विद्यार्थिनी नापास, म्हणजे निकाल शून्य टक्के. “अशा शाळेत आपण आपलं मूल ठेवलं असतं का?” त्यांनी विचारले.

“छे,” विभागप्रमुख म्हणाल्या.

जड अंतःकरणाने त्यांनी बारकीचे नाव कमी केले. दाखल्यावर शेरा मारला : ‘शाळेचा दर्जा असमाधानकारक.’ दाखला हातात पडताच बारकीने जी धूम ठोकली, ती सरकारी शाळेच्या फाटकापाशीच थांबली.

पण शून्य टक्क्यांची बातमी गल्लीत फुटली. सकाळी दारात पालकांची रांग.

“झाडून सगळे नापास? शिस्त कडक असणार,” शिंपी आदराने म्हणाला.

“आमचा तर गाणी म्हणत घरी येतो,” शेजारीण हळहळली. “पुढे कसं व्हायचं त्याचं?”

निरीक्षकांना नाही म्हणवेना. प्रवेश मर्यादित ठेवून त्यांनी अर्ज मागवले. दुपारपर्यंत अठ्ठेचाळीस आले. तुमचा सदतिसावा आहे. पालकांच्या शैक्षणिक पात्रतेचा रकाना तेवढा कोरा राहिलाय, येऊन भरून जा.